डबल ग्लेझिंगच्या खिडक्या बदलायच्या आधी घरी काय काय दुरुस्त होतं ते बघा

आम्ही इंग्लंडात रेडिंगला घर घेतलं त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात दारावर एक खिडक्यांचा सेल्समन आला, घरभर चक्कर मारली आणि म्हणाला अकराच्या अकरा खिडक्या गेल्यात, सगळ्या बदला, आज सही केलीत तर सूट देतो. नवीन देश, नुकताच सुरू झालेला हप्ता आणि बेडरूमच्या काचेत खरंच धुकं साचलेलं, त्यामुळे आम्ही सही करायच्या बेतात होतो. शेजारचे आजोबा आयुष्यभर सुतारकाम केलेले, ते म्हणाले आठवडाभर थांबा. शनिवारी ते रंगकामाची एक पातळ पट्टी आणि रबरी हातोडा घेऊन आले आणि एकेक खिडकी उघडून, वाकून, हात फिरवून बघितली. निघालं काय, तर एक काच गेलेली, दोन खिडक्यांच्या बिजागऱ्या झिजलेल्या, एक हँडल तुटलेलं आणि बाकी ठिकाणी रबर वाळलेलं नाहीतर पाणी जायची भोकं मातीने बुजलेली. चौकटी सगळ्या ठणठणीत.

म्हणून हे लिहितेय, कारण इकडे नवीन घर घेतलेली आपली बरीच मंडळी घाबरून हजारो पाउंडांच्या कागदावर सही करतात. यूपीव्हीसीची म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट सहसा जात नाही, तिच्यातले छोटे भाग जातात, ते सुटे मिळतात आणि त्यातले बरेचसे आपल्याला घरी बदलता येतात. फक्त कुठला भाग गेलाय ते आधी नीट ओळखावं लागतं.

आधी खिडकीची ओळख

भिंतीत पक्की बसवलेली ती चौकट, तिच्यात उघडझाप करणारं ते झडप, दुकानात त्याला सॅश म्हणतात. झडपात बसलेली काच एक नसते, दोन असतात, बहुतेक प्रत्येकी ४ मिमीच्या, मध्ये १६ किंवा २० मिमीची पोकळी, म्हणजे सगळी मिळून जाडी २४ किंवा २८ मिमी. दोन काचांच्या मधे कडेने चंदेरी किंवा काळी पट्टी दिसते तो स्पेसर. तो आतून पोकळ असतो आणि त्यात ओलावा शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात, नव्या बुटांच्या खोक्यात पुडी येते ना, तेच काम. कडेने सील फिरवून हे सगळं हवाबंद करतात आणि पोकळीत कोरडी हवा नाहीतर आर्गॉन वायू असतो. या अख्ख्या वस्तूला सील्ड युनिट म्हणतात, दुकानात जाऊन नुसतं काच पाहिजे म्हणू नका, युनिट म्हणा.

युनिटच्या चारी बाजूंनी प्लास्टिकच्या पट्ट्या दाबून बसवलेल्या असतात, त्या बीड. बहुतेक खिडक्यांना त्या घराच्या आतून असतात, फार जुन्या खिडक्यांना बाहेरून. झडपाच्या कडेला हँडलच्या बाजूने जो धातूचा लांब दांडा आणि त्यावर छोटी गोल बटणं दिसतात ते कुलपाचं यंत्र, त्याला एस्पॅग म्हणतात. चौकटीवर समोर धातूचे तुकडे असतात ज्यात ती बटणं अडकतात, ते कीप. एवढी नावं आली की दुकानदाराशी बोलता येतं.

आणि एक गोष्ट आजच करा, स्पेसरवर टॉर्च मारून वाचा. बऱ्याचदा तिथे बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख छापलेली असते. आमच्या गेलेल्या काचेवर २००३ होतं, म्हणजे गॅरंटी कधीच संपलेली. पण तुमची आठ वर्षांची निघाली तर घराच्या कागदपत्रांत खिडक्यांचं सर्टिफिकेट शोधा, बरेच जण १० वर्षांची गॅरंटी देतात, ती नव्या मालकाला लागू होते का ते त्यात वाचा आणि मगच हातोडा उचला.

पाणी नक्की कुठे आहे?

काचेवर वाफ धरली की लगेच काच गेली असं नाही. बोट फिरवून बघा.

आतून बोट फिरवल्यावर रेघ उमटली तर ओल घरातली आहे, खिडकीचा काही दोष नाही. आई पहिल्यांदा साताऱ्याहून आली तेव्हा जानेवारीत रोज सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळायचं आणि खालच्या कट्ट्यावर काळी बुरशी धरायला लागली. कारण सरळ होतं, सकाळी कुकरच्या चार शिट्ट्या, मग चहा, मग ओले कपडे रेडिएटरवर आणि थंडी वाजते म्हणून सगळी दारं-खिडक्या बंद. ती वाफ कुठेतरी जाणारच, ती घरातल्या सगळ्यात गार जागी म्हणजे काचेवर जाऊन बसते. स्वयंपाक करताना पंखा चालू आणि किचनचं दार बंद, अंघोळीनंतर बाथरूमचा पंखा अजून पंधरा मिनिटं चालू, कपडे एका खोलीत खिडकी किंचित उघडून वाळत घालायचे, सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडायच्या, एवढ्याने आमचं निम्मं पाणी गेलं. दहा पाउंडांच्या आत ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, आकडा ४० ते ६० टक्क्यांच्या मधे ठेवायचा प्रयत्न करा. चौकटीच्या वरच्या बाजूला सरकवून उघडझाप करायची हवेची छोटी फट असते, ट्रिकल व्हेंट म्हणतात, ती वारा येतो म्हणून चिकटपट्टी लावून बंद केलेली मी कित्येक घरांत बघितलीय, तसं करू नका, ती त्याचसाठी आहे.

बाहेरून बोट फिरवल्यावर रेघ उमटली, तीही पहाटे, आणि ऊन वर आल्यावर गेली तर आनंद माना. याचा अर्थ घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नाहीये, म्हणून गवतावर पडतं तसं तिच्यावर दव पडतंय. काच उत्तम आहे.

आतून पुसून जात नाही, बाहेरूनही नाही, आणि वाफ दोन काचांच्या मधे आहे, तर सील गेलं. ते दाणे जेवढा ओलावा पिऊ शकत होते तेवढा पिऊन झाले. सुरुवातीला फक्त थंडीत सकाळी दिसतं आणि दुपारी जातं, मग वर्षा-दोन वर्षांत कायमचं राहतं आणि पांढरे डाग पडतात. हे घासून जाणार नाही. काचेला भोक पाडून वाळवून देतो म्हणणारे लोक येतात, त्यांच्याकडून करून घेऊ नका, धुकं थोडे दिवस जाईल पण सील आणि वायू काही परत येत नाही. युनिट बदलायचं, चौकट नाही, कसं ते पुढे सांगते.

खालच्या कट्ट्यावर पाणी येतंय

पाऊस पडला की खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पाणी दिसतं आणि लोक लगेच बाहेरून सिलिकॉन थापतात. थांबा. या खिडक्यांच्या चौकटीत थोडं पाणी शिरणारच असं धरूनच त्या बनवलेल्या असतात, ते पाणी खालच्या खाचेत जमतं आणि बाहेरच्या बाजूच्या छोट्या लांबट भोकांतून निघून जातं. ती भोकं माती, कोळ्याची जाळी, मेलेले किडे यांनी बुजली की पाण्याला आतच यावं लागतं. खिडकी उघडा, खालची खाच ब्रशने आणि व्हॅक्युमने साफ करा, मग वायर बांधायची प्लास्टिकची पट्टी भोकात घालून हलवा. बाहेरून भोकांवर प्लास्टिकचं झाकण असेल तर ते अलगद काढता येतं. आता तांब्याभर पाणी सावकाश खाचेत ओता आणि बाहेर बघा, धार लागली पाहिजे. आमच्या किचनच्या खिडकीतून आधी काळं पाणी आलं, त्यात एक अख्खी मुंग्यांची वस्ती वाहून आली, आणि त्यानंतर आजवर तिथे आत पाणी आलं नाही. पैसे शून्य.

आणि आधीच्या मालकाने या भोकांवरच सिलिकॉन लावून ठेवलं असेल तर ते कापून काढा, हे फार घरांत दिसतं.

गार वारा येतोय

वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती पेटवा आणि बंद खिडकीच्या कडेकडेने सावकाश फिरवा, पडदे बाजूला करून. धूर सरळ वर गेला तर ठीक, जिथे आडवा झाला तिथे फट. कुठे आडवा झाला ते पेन्सिलने टिंब करून ठेवा, कारण जागेवरून कारण कळतं.

चौकट आणि भिंत यांच्या मधून येत असेल तर तिथलं जुनं सिलिकॉन सुटलंय. जुनं पूर्ण कापून काढायचं, कोरडं करायचं आणि न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन भरायचं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते इथे वापरू नका. जुन्यावरच नवीन लावलं तर दोन महिन्यांत साल निघते.

झडप आणि चौकट यांच्या मधून येत असेल तर सगळ्यात आधी एक साधी गोष्ट बघा, आणि ही मी खास करून नवीन आलेल्यांना सांगते. इथल्या बऱ्याच खिडक्यांच्या कीपमध्ये दोन खाचा असतात. एक पूर्ण बंद, आणि एक अशी की खिडकी जरा उघडी राहून लॉक होते, रात्री हवा यावी म्हणून. माझ्या मैत्रिणीने अख्खा हिवाळा त्या दुसऱ्या खाचेत खिडकी लॉक करून काढला, बाळाच्या खोलीत वेगळा हीटर घेतला, आणि मी गेल्यावर झडप नीट ओढून हँडल फिरवलं तर वारा बंद. तेव्हा झडप पूर्ण आत ओढून मग हँडल फिरवा.

तरी येत असेल तर कागदाची पट्टी झडपात धरून खिडकी बंद करा आणि कागद ओढा. सहज निघाला तर तिथे दाब नाही. काही खिडक्यांत दांड्यावरची गोल बटणं ॲलन कीने किंवा पान्याने थोडी फिरवता येतात, त्यांचा आस मुद्दाम जरा बाजूला केलेला असतो त्यामुळे फिरवलं की झडप घट्ट ओढलं जातं. एकदम फार फिरवू नका, थोडं फिरवा, बंद करून बघा, परत थोडं. सगळी बटणं सारखी फिरवा.

आणि रबर बघा. बोटाने दाबल्यावर ते परत फुगलं पाहिजे. चपटंच राहिलं, कोपऱ्यात आखडलं असेल किंवा तडा गेला असेल तर बदला. इथे बहुतेक जण चुकतात ते खरेदीत, कारण या रबराचे शेकडो आकार आहेत आणि ऑनलाइन फोटोत सगळे सारखे दिसतात. जुन्यातला दोन इंचांचा तुकडा कापा, त्याचा कापलेला भाग म्हणजे आडवा छेद नीट बघा, फुगा किती मिमी आहे आणि खाचेत बसणारं शेपूट कसं आहे, आणि तुकडाच दुकानात घेऊन जा नाहीतर पाठवून मॅच करून घ्या, असं करून देणारी दुकानं आहेत. बसवताना खाच साबणाच्या पाण्याने पुसा, वरच्या बाजूच्या मध्यापासून सुरुवात करा, कोपऱ्यापासून नाही, आणि ओढून ताणून अजिबात बसवू नका. ताणलेलं रबर थंडीत आखडतं आणि जोडाशी फट पडते. उलट जरा ढकलत, दाटीने बसवा, शेवटाला सेंटिमीटरभर जास्त ठेवून मग दाबा.

हँडल

सगळ्यात सोपं काम, इथूनच सुरुवात करा म्हणजे हात बसतो.

हँडल फिरत नाही म्हणून जोर लावायच्या आधी बघा त्यावर बटण किंवा किल्लीचं भोक आहे का. बरीच हँडल्स किल्लीने लॉक होतात आणि काहींना फिरवताना बटण दाबून धरावं लागतं. जुन्या मालकाने किल्ल्या दिल्या नसतील तर किल्ल्या सुट्या मिळतात, आणि त्या खिडकीपासून दूर ड्रॉवरमध्ये ठेवू नका, रात्री आग लागली तर ड्रॉवर शोधत बसायला वेळ नसतो. घरातल्या सगळ्यांना, आलेल्या आजी-आजोबांनाही, किल्ली कुठे आहे ते दाखवून ठेवा.

हँडल नुसतं गोल गोल फिरतंय किंवा तुटलंय तर खिडकी उघडी ठेवूनच काम करा. हँडलच्या बुडाशी प्लास्टिकची झाकणं असतात, ती नखाने किंवा पातळ स्क्रू ड्रायव्हरने काढा, खाली दोन स्क्रू दिसतील. काही हँडल्समध्ये आधी हँडल आडवं केल्यावरच स्क्रू दिसतात. दोन्ही काढले की हँडल सरळ बाहेर येतं आणि त्यामागे एक चौकोनी सळई दिसते, ७ मिमीची. या सळईची हँडलच्या बुडापासून पुढची लांबी मोजा, कारण ती १० ते ५५ मिमीपर्यंत वेगवेगळी येते, ४० मिमी पुष्कळ ठिकाणी असते पण अंदाजाने घेऊ नका. लांब आली तर हँडल टेकत नाही, आखूड आली तर यंत्रापर्यंत पोचत नाही. दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर बहुतेक ४३ मिमी असतं, तेही मोजा. हँडल सरळ आहे की डावीकडे-उजवीकडे वाकलेलं आहे ते बघा. नवीन लावताना स्क्रू हातानेच आवळा, ड्रिलने नाही, जास्त आवळलं की हँडल जड फिरतं.

नवीन हँडल आणायच्या आधी एक परीक्षा घ्या. हँडल काढलेलं असताना त्या चौकोनी भोकात सळई घालून पकडीने फिरवा. दांडा वर-खाली सरकला तर यंत्र चांगलं आहे, फक्त हँडल बदला. सरकला नाही किंवा आत कडकड वाजलं तर आतला गिअरबॉक्स गेला, मग एस्पॅगचा दांडा बदलावा लागतो. तोही झडपाच्या कडेवरचे स्क्रू काढले की निघतो, फक्त त्याची पूर्ण लांबी, बटणं किती आणि कुठे, आणि दांड्याच्या पुढच्या पट्टीपासून चौकोनी भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून न्या, ते साधारण २० किंवा २२ मिमी असतं आणि दोन मिमीच्या फरकाने काम अडतं.

खिडकी बंद असतानाच गिअरबॉक्स गेला तर एकाने झडप आपल्याकडे ओढत आणि दाबत राहायचं आणि दुसऱ्याने सळई हलवत राहायची, कधीकधी सुटते. नाही सुटली तर माणूस बोलवा, पटाशी घालून उचकटलं की चौकट फुटते आणि मग मात्र खरंच सगळी खिडकी बदलावी लागते.

फार जुन्या खिडक्यांत हँडलला एक चोच असते जी चौकटीवर अडकते, त्याला कॉकस्पर म्हणतात. तिथे सळई नसते, चोचीच्या खालची उंची मोजून न्यायची.

झडप खाली घासतंय

खिडकी बंद करताना हँडलकडचा खालचा कोपरा चौकटीवर आपटतो, उचलून बंद करावी लागते. खिडकी अर्धी उघडा, हँडलकडची बाजू हाताने वर उचलून बघा. बिजागरी लटलट हलली, खुळखुळली, तर बिजागरी झिजलीय. काहीच हललं नाही आणि तरी घासतंय तर काचेखालच्या पाचरी सरकल्यात. ते काचेच्या भागात सांगते, आणि हे आधी तपासा, कारण बिजागऱ्या बदलूनही घासत राहिलं असं माझ्या बहिणीच्या घरी झालं.

या बिजागऱ्या आपल्याकडच्या लाकडी खिडकीसारख्या नसतात, कात्रीसारख्या सरकतात आणि घर्षणामुळे झडप उघडलेल्या जागी थांबतं. म्हणून वाऱ्याने झडप आपोआप आपटायला लागलं तर तिथल्या रुळावर एक छोटा स्क्रू असतो का बघा, असला तर तो किंचित आवळला की घर्षण वाढतं. नसला तर जोडी बदला, आणि नेहमी जोडीच बदला, एक नवी एक जुनी चालत नाही. न्यायची मापं दोन, चौकटीवरच्या रुळाची लांबी, जी इंचांत सांगतात, १२ इंची, १६ इंची वगैरे, आणि बिजागरी मिटल्यावरची जाडी, १३ किंवा १७ मिमी. शिवाय झडप बाजूला उघडतं की वरून टांगलेलं आहे ते सांगा, दोन्हींच्या बिजागऱ्या वेगळ्या.

जुनी बिजागरी काढायच्या आधी तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, नवीन तिथेच बसली पाहिजे. एकाने झडप धरायचं, दुसऱ्याने चौकटीकडचे स्क्रू काढायचे, झडप उतरवून चादरीवर ठेवायचं आणि मग निवांत काम करायचं. झडपाचं वजन कमी लेखू नका. काच दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते, म्हणजे ४ मिमीच्या दोन काचा चौरस मीटरला २० किलो, त्यात झडपाचं प्लास्टिक वेगळं. तळमजल्यावर दोघांनी हे जरूर करा. वरच्या मजल्यावर मी करत नाही आणि तुम्हीही करू नका, झडप बाहेर निसटलं तर खाली फुटपाथ आहे, तिथे कुणाचं तरी लेकरू चालत असतं. त्याला माणूस बोलवा, जोडी बदलायला तासभरही लागत नाही.

बेडरूमच्या खिडकीची बिजागरी बदलताना आधीपेक्षा कमी उघडणारी लावू नका. आगीत बाहेर पडायच्या खिडकीला इंग्लंडात नियम आहे, उघडल्यावर मोकळी जागा निदान ०.३३ चौरस मीटर, रुंदी आणि उंची दोन्ही निदान ४५० मिमी, आणि उघडणाऱ्या भागाचा खालचा काठ जमिनीपासून १,१०० मिमीच्या वर नाही.

काच बदलणं

हे सगळ्यात मोठं काम, पण आतून बीड असलेली, तळमजल्यावरची, हातभर-दीड हाताची काच दोघांना नीट जमते. उबदार दिवस निवडा, थंडीत प्लास्टिक कडक होतं आणि बीड मोडते. जाड हातमोजे आणि डोळ्यांना सुरक्षेचा चष्मा लागतोच.

आधी फक्त मापासाठी बीड काढायच्या आणि परत लावून ठेवायच्या. सगळ्यात लांब बीडपासून सुरुवात, तिच्या मध्यावर, बीड आणि झडप यांच्या जोडात पातळ पण कडक पट्टी घालायची, काचेच्या बाजूने नाही, आणि हातोड्याने हलके ठोकून झडपापासून उचकायची. टक्क असा आवाज येतो आणि मधला भाग धनुष्यासारखा वाकून बाहेर येतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मला वाटलं काच गेली, नाही गेली, तो बीडचाच आवाज. एक निघाली की बाकीच्या हाताने निघतात. प्रत्येकीच्या मागे मार्करने वर, खाली, डावी, उजवी लिहा, दिसायला सारख्या असल्या तरी अदलाबदल झाली की कोपरे जुळत नाहीत.

आता खाचेतून खाचेपर्यंतची रुंदी आणि उंची मोजा आणि दोन्हींतून १० मिमी वजा करा, चारी बाजूंनी ५ मिमी जागा हवी. जमलं तर जुनं युनिटच मोजा, जास्त खात्रीचं. ऑर्डर देताना आधी रुंदी मग उंची असं सांगतात, जाडी सांगा, स्पेसरचा रंग सांगा. बाकीच्या काचांसारखी दिसावी म्हणून अंधारात फोनची टॉर्च काचेसमोर धरून बघा, चार प्रतिबिंबं दिसतात, त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असेल तर काचेला ऊब धरून ठेवणारा लो-ई थर आहे, मग नवीनही तशीच मागा. नसली तरी नवीन लो-ईच घ्या आणि स्पेसर वॉर्म एज घ्या, ॲल्युमिनियमपेक्षा कडेला कमी गार पडतो.

आणि ही गोष्ट चुकवू नका, खिडकीची काच जमिनीपासून ८०० मिमीच्या खाली येत असेल, किंवा दारात असेल, किंवा दाराच्या अगदी बाजूला असेल तर टफन्ड (फुटली तर बारीक बोथट तुकडे होणारी) किंवा लॅमिनेटेडच (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) लागते. कोपऱ्यात छोटा शिक्का असतो, जुन्या काचेवर तो असेल तर नव्यावर असलाच पाहिजे. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप दोनदा, दोघांनी वेगवेगळं घ्या.

नवीन युनिट आलं की परत बीड काढा. जुनी काच कधीकधी आत टेपने चिकटवलेली असते, ती पातळ सुरीने कापावी लागते. काचेला तडा असेल तर आधी दोन्ही बाजूंनी चिकटपट्ट्या मारा. काच निघाली की खाली आणि बाजूला रंगीत प्लास्टिकच्या पाचरी दिसतील, पॅकर म्हणतात. हलवायच्या आधी फोटो काढा. खाच व्हॅक्युम करा, पाण्याची भोकं मोकळी आहेत ना बघा, आणि पाचरी त्याच जागी ठेवा, भोकांवर नाही. पाचर एवढी रुंद हवी की दोन्ही काचा तिच्यावर टेकतील. एकच टेकली आणि दुसरी लोंबकळत राहिली तर तिचं वजन सीलवर येतं आणि नवीन युनिटही दोन-चार वर्षांत धुक्याने भरतं.

बाजूला उघडणाऱ्या झडपात पाचरींचं एक खास काम असतं. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक पाचर आणि तिच्या तिरप्या समोर, हँडलकडच्या वरच्या कोपऱ्यात दुसरी, अशा घट्ट बसवल्या की काच तिरप्या टेकूसारखी झडपाला उचलून धरते. मघाशी म्हटलं ते घासणारं झडप यानेच सरळ होतं. वरच्या कोपऱ्यात एखादी २ मिमीची पाचर वाढवा, बंद करून बघा, अजून घासतंय तर अजून एक. माझ्या बहिणीच्या खिडकीला शेवटी ३ मिमी लागलं, बिजागऱ्यांवर घातलेले पैसे वाया गेले.

लो-ई काचेवर कुठली बाजू आत ते स्टिकर असतं, ते वाचून लावा आणि काम झाल्यावर काढा. काच आधी खालच्या पाचरीवर टेकवायची मग वरचा भाग आत लोटायचा, एकाने हाताने धरून ठेवायची, सोडायची नाही. बीड लावताना उलट क्रम, आखूड आधी, लांब शेवटी. लांब बीडची दोन्ही टोकं कोपऱ्यात घालून मधला भाग वाकवून दाबायचा आणि रबरी हातोड्याने कडेकडेने ठोकत जायचं, काचेवर नाही, बीडवर, झडपाच्या बाजूने.

परवानगी, भाडं, वगैरे

चौकट तीच ठेवून नुसतं युनिट, हँडल, बिजागरी, रबर बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. चौकटीसकट अख्खी खिडकी बदलली तर इंग्लंड आणि वेल्समध्ये २००२ पासून बिल्डिंग रेग्युलेशनचा कागद लागतो, फेन्सा किंवा सर्टास या खिडक्या बसवणाऱ्यांच्या योजनांत नोंद असलेला माणूस तो देतो, आणि घर विकताना वकील तो मागतातच. जुन्या संरक्षित इमारतीत राहत असाल तर काउन्सिलला विचारल्याशिवाय काही काढू नका. भाड्याने राहत असाल तर फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा आणि स्वतः काचेला हात लावू नका.

पुण्या-मुंबईत हायवेलगतच्या फ्लॅटला आता आवाजासाठी अशा काचा बसवतात, तिथे सरकत्या खिडक्या जास्त, पण पाण्याची भोकं, रबर आणि मधल्या धुक्याचं वरचं सगळं तिथेही लागू.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात त्या दिवशी अकराही खिडक्यांचा फेरा असतो. दांड्याला आणि बिजागरीच्या सांध्यांना हलकं मशीन ऑइल दोन थेंब, रबराला सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून पुसायचा, रबराला तेल नाही, ते फुगतं. चौकट कोमट साबणाच्या पाण्याने, थिनर किंवा घासणी नाही. मग खालच्या खाचेत तांब्याभर पाणी. मुलगा बाहेर अंगणात उभा राहून आलं आलं म्हणून ओरडतो तेव्हा पुढची खिडकी.